रमणा, मॅट्रिक आणि नगरचा विद्यार्थी

१. कॉलेजांत प्रवेश मिळेल कीं नाहीं, आणि मिळण्याजोगा करावयाचा तर काय करावें, हा प्रश्न आज बारावीच्या गुणांनीं व सीईटीच्या यादीनें घरोघर उभा केला आहे. तो नव्या काळाचाच आहे अशी समजूत दिसते. वस्तुतः आपल्या प्रांतांत तो निदान दोनशें वर्षांचा आहे. त्याचीं साधनें मात्र सनदा, महजर किंवा वंशावळी ह्यांच्यासारखीं मोलाचीं कोणी मानीत नाहीं. अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या अनुरोधानें ह्या विषयाचें थोडें दिग्दर्शन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. विद्येची पारख करून सरकारांतून द्रव्य देण्याची आपल्याकडील प्रसिद्ध व्यवस्था म्हणजे श्रावणमासांतील दक्षिणा. खंडेराव दाभाड्यांनीं तळेगांवीं घातलेली ही प्रथा पुढें पेशव्यांनीं पुण्यास चालविली व पर्वतीजवळचा रमणा तिच्यामुळें प्रसिद्धीस आला. शास्त्री-वैदिकांची परीक्षा होऊन त्यांच्या दक्षिणेची प्रत ठरे. बाकीच्या ब्राह्मणांस वाटणी होई ती परीक्षेवांचून. म्हणजे एकाच रमण्यांत गुणाची निवड आणि जातीचा हक्क अशा दोन गोष्टी शेजारीं शेजारीं नांदत होत्या. दक्षिणेस केवळ विद्वत्तेचें बक्षीस म्हणणारे आणि तिला केवळ भोजनभाऊंचा बाजार म्हणणारे, हे दोघेही अर्धेंच सांगतात.

३. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननें दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. तिची रक्कम कमी करून ती चालूं ठेवली. १८२१ सालीं पुण्याच्या विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा खर्च ह्याच दक्षिणेच्या पैशांतून काढला. १८४९ मध्यें लोकहितवादी व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या रकमेचा कांहीं भाग मराठी ग्रंथरचनेस द्यावा असा अर्ज केला, तेव्हां पुण्यांत मोठी खळबळ माजली. १८५१ सालीं पाठशाळा व इंग्रजी शाळा मिळून पूना कॉलेज झालें. त्याचेंच पुढें डेक्कन कॉलेज झालें व १८६८ मध्यें तें येरवड्याच्या बाजूस नव्या इमारतींत गेलें. कॉलेजांतील दक्षिणा फेलोशिपा ह्याच निधीच्या. रानडे व आगरकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. रमण्याचा पैसा अशा रीतीनें कॉलेजच्या वर्गांत आला; त्याबरोबर परीक्षेचें स्वरूपही पालटलें. समोर बसून वाद करणारा परीक्षक जाऊन छापील प्रश्नपत्रिका आली.

४. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचें. त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्यें मुंबईस झाली. बसले सव्वाशेंहून अधिक, उतरले वीस-बावीस. त्यांत रानडे व भांडारकर होते. १८६२ मध्यें मोडक व वागळे ह्यांच्यासह तेच पहिले पदवीधर झाले. ह्या पहिल्या निकालानेंच एक गोष्ट लोकांच्या मनावर ठसविली: कॉलेजचा दरवाजा उघडा असला तरी उंबरठा उंच आहे. मॅट्रिक ही शाळेच्या शेवटची परीक्षा नसून विद्यापीठाच्या आरंभाची परीक्षा होती, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. शाळेचा हेतु व परीक्षेचा हेतु निरनिराळा असल्यामुळें शाळा हळूहळू परीक्षेच्या दावणीस बांधल्या गेल्या.

५. आपली संधि किती, हें त्या काळचा विद्यार्थी कसें अजमावी? पहिलें माप शाळेंतील चांचणी परीक्षा. तींत जो उतरे त्याचाच फॉर्म हेडमास्तर पाठवीत. ‘फॉर्म मिळाला’ ही बातमी म्हणूनच पेढे वांटण्याजोगी असे, आणि ‘फॉर्म अडला’ म्हणजे घरांतील एका वर्षाचा हिशेब चुकला असें होई. दुसरें माप विद्यापीठाचें वार्षिक कॅलेंडर. त्यांत मागील प्रश्नपत्रिका छापलेल्या असत. त्या उतरून घेणें, कोणता परीक्षक कशावर भर देतो हें ताडणें, हा अभ्यासाचाच भाग झाला होता. संधि वाढविण्याचा तिसरा उपाय म्हणजे संस्कृत. जगन्नाथ शंकरशेट ह्यांच्या नांवाची शिष्यवृत्ति मॅट्रिकच्या संस्कृतास होती. ती मिळाली तर प्रवेशाचा व पोटाचा असे दोन्ही प्रश्न एकदम सुटत.

६. नगरच्या मुलास आणखी एक अडचण होती. जिल्ह्यांत कॉलेज नव्हतें. पुणें सत्तर-पंचाहत्तर मैलांवर. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं झाला तोंपर्यंत तो सगळा प्रवास सडकेचा. पुण्यास गेल्यावर उतरावयाचें कोठें, वार लावून जेवावयाचें कीं माधुकरी मागावयाची, ह्या प्रश्नांचीं उत्तरें प्रश्नपत्रिकेंत नसत; परंतु उत्तीर्ण झालेल्या कित्येकांचा प्रवेश ह्याच उत्तरांवर ठरत असला पाहिजे. गुण हे संधीचें एक अंग. नातलगाची ओसरी हें दुसरें.

७. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच पुढें सेनापति बापट, ह्यांचें उदाहरण ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. जन्म १८८०. शिक्षण पुण्यास चालूं असतां प्लेगामुळें मॅट्रिक लांबली. तेव्हां नगरास आप्तांकडे राहून त्यांनीं अभ्यास पुरा केला. शंकरशेट शिष्यवृत्ति मिळवून १९०० सालीं ते डेक्कन कॉलेजांत दाखल झाले. पदवीनंतर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर १९०४ मध्यें एडिंबरोस गेले, आणि तेथें ब्रिटिश राज्याविरुद्ध भाषण केल्यामुळें ती शिष्यवृत्ति गेली. बुद्धि, संस्कृत, आप्तांचें घर आणि शिष्यवृत्ति ह्या चारही गोष्टी जुळून आल्यावर एक मनुष्य पारनेराहून एडिंबरोस पोंचला. यशस्वी पुरुषाचें चरित्र लिहितांना आपण पहिल्या दोहोंचें वर्णन करतों व उरलेल्या दोन चरित्राच्या तळटीपेंत घालतों. आमच्या मतें क्रम फिरवून पाहिल्यावांचून शिक्षणाचा इतिहास खरा लिहिला जावयाचा नाहीं.

८. ज्यांस दारापर्यंतही जातां येत नव्हतें त्यांचा विचार येथें टाळून चालणार नाहीं. अमेरिकन मराठी मिशन नगरास आलें तें १८३१ सालीं. मिस सिंथिया फॅरार ह्या १८३९ पासून १८६२ त निवर्तेपर्यंत नगरास मुलींच्या शाळा चालवीत होत्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांस मुलींच्या शाळेची प्रेरणा झाली, आणि सावित्रीबाई फुल्यांनीं अध्यापनाचें शिक्षण नगरास त्यांच्याचकडे घेतलें. त्या वेळीं विद्यापीठ नव्हतें व मॅट्रिकही नव्हती; सावित्रीबाईंस परीक्षेंत बसून आपली योग्यता सिद्ध करण्याची सोयच नव्हती. म्हणून ज्या नगरानें प्रांतास एक आद्य शिक्षिका तयार करून दिली, त्या नगराचें हें कार्य कोणत्याही निकालपत्रांत सांपडत नाहीं. केवळ उत्तीर्णांच्या याद्यांवरून विद्येचा इतिहास रचूं पाहणाऱ्यांनीं हें उदाहरण समोर ठेवावें.

९. १९४७ सालीं डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनीं अहमदनगर कॉलेज स्थापिलें, आणि पुण्याची ओसरी शोधण्याची सक्ति कमी झाली. १९४९ त पुणें विद्यापीठ निघालें. मॅट्रिकही त्याच सुमारास विद्यापीठाच्या हातून जाऊन शालान्त परीक्षा झाली. उंबरठा जवळ आला. तो सर्वांस सारखा झाला असें मात्र म्हणवत नाहीं. शिकवणीचा वर्ग, वसतिगृह व फी हीं आजचीं मापें. जुन्या मापांचेंच तें रूपांतर होय.

१०. आतां संग्राहकांस एक विनंति. जुन्या वाड्यांतील दप्तर सोडतांना पेशवेकालीन रुमाल आपण जपतों, आणि त्याच कोनाड्यांतील शाळेचे दाखले, प्रश्नपत्रिका उतरलेल्या वह्या, शिष्यवृत्तीचीं पत्रें, पुण्यास शिकणाऱ्या मुलानें खर्चाचा हिशेब कळविलेलीं कार्डें रद्दींत घालतों. नापास झालेल्याचा कागद तर कोणीच ठेवीत नाहीं. वास्तविक तोच अधिक दुर्मिळ व म्हणून अधिक मोलाचा. उत्तीर्णांचीं नांवें विद्यापीठानें छापून ठेविलीं आहेत. अनुत्तीर्णांचीं व न बसलेल्यांचीं नांवें घरोघरच्या कागदांतच असलीं तर असतील. संगमनेर, नेवासें, श्रीगोंदें, पारनेर, कोपरगांव ह्या बाजूंस ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनीं त्यांवर घराचें नांव, गांव व सांपडल्याची जागा नोंदून ते एकत्र ठेवावे, व निदान त्यांची यादी तरी करावी. एवढें झालें तर दाराबाहेर राहिलेल्यांचाही इतिहास लिहितां येईल.