स्वामी, सिद्दी आणि निंदेची सीमारेषा

१/ धार्मिक पुरुषाच्या दोषांविषयी बोलणे ही निंदा की इतिहास? रायगडच्या किनाऱ्याशी निगडित असलेल्या ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांच्या चरित्राइतके या प्रश्नाचे चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

२/ चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री राहणाऱ्या या संन्याशाला परस्परांचे वैरी सारखेच मानत. कुलाब्याचे कान्होजी आंग्रे त्यांचे भक्त होते. जंजिऱ्याच्या सिद्दीनेही देवस्थानाला गावे दिली होती. पुढे बाजीराव आणि चिमाजीअप्पा त्यांना गुरू मानू लागले.

३/ १७२७ च्या फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या सुमारास, सिद्दी सात याने परशुरामाचे देवालय उद्ध्वस्त केले. निमित्त घडले एका हत्तीचे. तो हत्ती आंग्र्यांच्या माणसांनी अडवला आणि स्वामी आंग्र्यांना सामील आहेत, असा संशय सिद्दी सातने घेतला. स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीस गेले.

४/ त्यानंतर सिद्दीवर मोहीम करावी म्हणून स्वामींनी शाहू महाराज व पेशव्यांकडे सतत आग्रह धरला. १७३३ साली जंजिऱ्याची मोहीम झाली. रायगड मराठ्यांकडे आला, जंजिरा मात्र हाती लागला नाही. एप्रिल १७३६ मध्ये रेवसजवळच्या लढाईत चिमाजीअप्पांच्या फौजेने सिद्दी सातला ठार केले.

५/ आता अवघड भाग. स्वामी बाजीरावांना मोहिमांसाठी कर्जे देत आणि व्याजासह परतफेडीचा तगादाही लावत. कर्जाच्या ओझ्याने पिचलेल्या बाजीरावांची त्यांना लिहिलेली पत्रे आजही अस्वस्थ करतात. संन्यासी आणि सावकार, हे दोन शब्द एकाच माणसासाठी वापरावे लागतात.

६/ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर द. ब. पारसनीसांनी स्वामींचे गौरवपर चरित्र पत्रव्यवहारासह छापले. वि. का. राजवाड्यांनीही ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’मध्ये स्वामींची पत्रे प्रसिद्ध केली, परंतु प्रस्तावनेत स्वामींवर कठोर टीका केली. निष्कर्ष विरुद्ध, तरी एक गोष्ट समान : दोघांनीही कागद वाचकांपुढे ठेवले.

७/ टीका आणि चहाडी यांतला भेद इथेच आहे. चहाडी कानात सांगितली जाते. तिला पुरावा नको असतो आणि ज्याच्याविषयी ती असते त्याला उत्तर देता येत नाही. टीका चव्हाट्यावर होते, पुरावा पुढे ठेवते आणि खोडून काढण्याची वाट मोकळी सोडते.

८/ हा पेच केवळ आपला नाही. इस्लाममध्ये पाठीमागे दोष काढणे, म्हणजे गीबत, निषिद्ध आहे. तरीही हदीस सांगणाऱ्यांची विश्वासार्हता तपासण्याचे स्वतंत्र शास्त्र मुस्लिम विद्वानांनी उभारले. सत्याच्या गरजेपुरतेच दोषकथन करावे, त्यापलीकडे शब्दही नको, ही त्यामागची मर्यादा.

९/ तीच मर्यादा इथे लावू. ‘स्वामींनी कर्ज दिले व वसुलीसाठी तगादा केला’ हे पत्रांतून सिद्ध होते. ‘स्वामी ढोंगी होते’ हे सिद्ध होत नाही. तो अंतःकरणावरचा आरोप आहे. त्यांच्या पैशातून देवळे, विहिरी, तळीही उभी राहिली. ही बाजू गाळणे म्हणजेही अर्धसत्य.

१०/ सिद्दी सातलाही हाच न्याय द्यायला हवा. देवालय पाडल्याचा दोष त्याचाच. निमित्त सांगितल्याने तो हलका होत नाही. मात्र त्याच्या कृत्यावरून जंजिऱ्याच्या साऱ्या सिद्दींना किंवा त्यांच्या धर्माला दोषी ठरवले, की त्याच सत्तेने देवस्थानाला दिलेली गावे विसरावी लागतात.

११/ उलट टोकही तितकेच घातक. प्रत्येक टीकेला ‘संतनिंदा’ म्हणून गप्प केले, तर बाजीरावांची ती पत्रे पुन्हा दप्तरात बांधून ठेवावी लागतील. श्रद्धेला कागदाची भीती वाटू नये.

१२/ म्हणून एखाद्या स्वामी, पीर वा संताविषयी लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पुरावा कोणता? हा दोष सांगितल्याने काही समजते, की केवळ चेव येतो? आणि आपल्या श्रद्धास्थानाविषयी हेच वाक्य, याच पुराव्यावर, आपण लिहिले असते का?

१३/ स्वामी १७४५ मध्ये धावडशीस समाधिस्थ झाले. ते उत्तर द्यायला येणार नाहीत. सिद्दी सातही नाही. त्यांची बाजू मांडण्याची जबाबदारीही आता त्यांच्यावर टीका करणाऱ्यांचीच आहे.