वऱ्हाडातली चिलीम विझली, तंबाखू उरली

तंबाखू पोर्तुगिजांबरोबर दख्खनेत आली. १६०४च्या सुमारास असद बेगने ती विजापूरहून अकबराकडे नेली. अमरावती-अकोल्याकडे पुढे चिलीम आणि बिडी रुळली. गाडगेबाबांनी कीर्तनांतून, तुकडोजी महाराजांनी भजनांतून व्यसनांवर कोरडे ओढले.

आज धूर ओसरला आहे. २०१६-१७च्या पाहणीत राज्यातले ६ टक्केच पुरुष धूम्रपान करणारे निघाले; दक्षिण कोरियात १९९८ साली हेच प्रमाण सुमारे ६६ टक्के होते. पण त्याच पाहणीत आपल्याकडचे ३१.७ टक्के पुरुष धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे होते. २०१२च्या गुटखाबंदीनंतरही पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच. म्हणून वऱ्हाडातल्या व्यसनाचा इतिहास लिहिताना बिडीच्या थोटकांइतक्याच खर्ऱ्याच्या पन्न्याही मोजल्या पाहिजेत, असे मला वाटते.