प्रगत मेलेनोमा आणि पुढील उपचाराचा निर्णय : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
प्रगत अवस्थेतील कर्करोगात एक उपचार निष्फळ ठरल्यावर पुढील उपचार कोणता करावा, हा प्रश्न आज रुग्णाच्या कुटुंबासमोर उभा राहतो. हा प्रश्न स्वाभाविक वाटत असला तरी तो अलीकडच्या काळात निर्माण झालेला आहे. मेलेनोमा या दुर्मीळ कर्करोगाच्या आधारे सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाची जडणघडण प्रस्तुत निबंधात तपासली आहे. अंतर, पुरावा, खर्च आणि संमती या चार घटकांनी हा निर्णय घडवला. त्यांपैकी पहिल्या तीन घटकांत संस्थात्मक प्रयत्नांमुळे बदल झाला. चौथ्या घटकात कायदा पुढे गेला, परंतु कौटुंबिक प्रघात मागे राहिला, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : मेलेनोमा, इम्युनोथेरपी, बार्शी कर्करोग नोंदणी, जीवनदायी योजना, रुग्णाची संमती.

प्रस्तावना :
वैद्यकाचा इतिहास बहुधा औषधांच्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ते औषध घ्यावयाचे की नाही, हे कोणी, कोठे आणि कोणत्या माहितीच्या आधारे ठरवले, ही बाब त्या मांडणीत मागे पडते. प्रगत कर्करोगाच्या बाबतीत ती विशेष महत्त्वाची आहे. कारण येथे उपचाराची निवड म्हणजे उरलेल्या आयुष्याच्या स्वरूपाची निवड असते.

मेलेनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग होय. युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियातील गौरवर्णीय लोकांत त्याचे प्रमाण मोठे असून त्याचा संबंध उन्हाशी आहे. भारतात त्याचे वार्षिक प्रमाण लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी आढळते. येथे तो बऱ्याचदा तळपाय, तळहात, नखाखालील त्वचा किंवा गुदमार्गाच्या अंतःत्वचेवर उद्भवतो. तळपायावरचा काळा डाग कुरूप अथवा मुका मार समजला जातो आणि निदान होईपर्यंत रोग जांघेतील गाठींपर्यंत किंवा त्याही पुढे पसरलेला असतो. रोग दुर्मीळ असल्याने स्थानिक डॉक्टरांना त्याचा अनुभव कमी, कुटुंबाच्या ओळखीत तसा दुसरा रुग्ण नाही आणि उपचार अत्यंत महाग. निर्णयातील सर्व अडचणी येथे एकत्र येतात, म्हणून अभ्यासासाठी या रोगाची निवड केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) प्रगत मेलेनोमात ‘पुढील उपचार’ हा प्रश्न केव्हा व कसा निर्माण झाला, हे पाहणे.
२) सोलापूर जिल्ह्यातील कर्करोग-उपचाराच्या संस्थात्मक वाटचालीचा या निर्णयाशी असलेला संबंध तपासणे.
३) या निर्णयातील रुग्णाच्या स्थानाचा विचार करणे.

या अभ्यासासाठी वैद्यकीय चाचण्यांचे प्रसिद्ध झालेले निष्कर्ष, न्यायालयीन निर्णय व शासकीय योजनांची माहिती या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. अंतर : परळ ते बार्शी
१९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने परदेशात निधन झाले. त्या दुःखातून सर दोराबजी टाटा यांनी मनात धरलेली कर्करोग-उपचाराच्या सोयीची कल्पना त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने साकार केली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. सोलापुरात १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तरी कर्करोग म्हटला की परळ हेच समीकरण रूढ राहिले. रात्रीच्या गाडीने सुमारे साडेचारशे किलोमीटरचा प्रवास, दादर-परळ परिसरातील धर्मशाळेत मुक्काम आणि हातात तपासण्यांची पिशवी, हा गिरणी, यंत्रमाग व विडी कामगारांच्या या शहरातील कर्करुग्णांचा परिपाठ झाला. अशा स्थितीत ‘पुढे काय’ याचे उत्तर पुष्कळदा रजा, मजुरी आणि प्रवासखर्चच देत असत.

या परिस्थितीत महत्त्वाचा बदल जिल्ह्यातील बार्शी येथे झाला. न्यूयॉर्क येथे उपचार घेऊन परतल्यानंतर मे १९८१ मध्ये निधन पावलेल्या अभिनेत्री नर्गिस दत्त यांच्या नावाने बार्शीत कर्करोग रुग्णालय उभे राहिले. १९८७ साली तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. रुग्ण रुग्णालयात येईल तेव्हा त्याची नोंद करावी, ही शहरी पद्धत येथे निरुपयोगी होती. कारण अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून नोंदणीचे कार्यकर्तेच गावोगाव गेले, लक्षणांविषयी लोकांशी बोलले आणि संशयित रुग्णांना तपासणीस घेऊन आले. या लोकशिक्षणामुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा अलीकडच्या अवस्थेत सापडू लागल्याचे १९९० च्या दशकात दिसून आले. पुढे तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली तपासणी-चाचणी याच केंद्राच्या सहभागाने झाली. एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, हा तिचा २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर चर्चिला गेला.

या कार्याचा मेलेनोमाशी थेट संबंध नाही. परंतु त्यातून मिळणारा धडा लागू पडतो. रोग लवकर सापडला तर ‘पुढील उपचार कोणता’ हा कठीण प्रश्नच बहुतेकांसमोर येत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला असे लोकशिक्षण लाभले; तळपायावरील काळ्या डागाला मात्र ते लाभलेले नाही.

२. पर्यायांची वाढ
प्रतिकारशक्तीचा उपयोग करून कर्करोग हटवण्याची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९१ पासून जंतूंच्या साहाय्याने असे प्रयोग केले. १९७० च्या सुमारास क्षयप्रतिबंधक बीसीजी लस मेलेनोमाच्या गाठींत टोचून पाहण्यात आली. तथापि प्रगत मेलेनोमासाठी अमेरिकेत १९७५ साली मान्यता मिळालेले डाकार्बाझिन हेच दीर्घकाळ मुख्य औषध राहिले. १९९८ मध्ये मान्य झालेल्या इंटरल्युकिन-२ ने थोड्या रुग्णांना दीर्घ लाभ दिला, पण त्याचे दुष्परिणाम तीव्र होते. म्हणजे सुमारे साडेतीन दशके निवडीला फारसा वावच नव्हता.

२०११ पासून हे चित्र पालटले. प्रतिकारपेशींना आवर घालणारे शरीरातील नैसर्गिक लगाम सैल केले की त्या कर्करोगावर तुटून पडतात, या तत्त्वावर इपिलिमुमॅब हे औषध आले. २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब व निव्होलुमॅब आली. या तत्त्वाच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घकालीन चाचणीत निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के, केवळ निव्होलुमॅब दिलेल्यांपैकी ३७ टक्के आणि केवळ इपिलिमुमॅब दिलेल्यांपैकी १९ टक्के दहा वर्षांनंतर हयात होते. मात्र जोड-उपचारात निम्म्याहून अधिक रुग्णांना गंभीर दुष्परिणाम सोसावे लागले.

पर्याय वाढले तसा क्रमाचा प्रश्न आला. बीआरएएफ जनुकात बदल असलेल्या रुग्णांत आधी इम्युनोथेरपी व नंतर लक्ष्यवेधी गोळ्या, हा क्रम उलट क्रमापेक्षा सरस ठरला. दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७२ व ५२ टक्के होते. पहिली इम्युनोथेरपी निष्फळ ठरल्यावर निव्होलुमॅबसह इपिलिमुमॅब दिल्यास सहा महिन्यांपर्यंत रोग न वाढलेल्यांचे प्रमाण ३४ टक्के, तर एकट्या इपिलिमुमॅबने १३ टक्के आढळले. २०२२ मध्ये रेलॅटलिमॅब व निव्होलुमॅब यांच्या जोडीला अमेरिकेत मान्यता मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथेच रुग्णाच्या गाठीतून काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्रतिकारपेशी पुन्हा शरीरात सोडण्याचा उपचारही मान्य झाला. त्यापूर्वी पहिला उपचार खरोखर निष्फळ ठरला आहे काय, हेही तपासावे लागते. कारण या उपचारात काही वेळा गाठ आधी मोठी दिसून नंतर आक्रसते.

३. पुरावा कोणाचा?
वरील आकडे महत्त्वाचे असले तरी ते प्रामुख्याने गौरवर्णीय रुग्णांतील, उन्हाशी संबंधित मेलेनोमावरून आलेले आहेत. तळपायावरील मेलेनोमात जनुकीय बदलांची संख्या कमी असते आणि इम्युनोथेरपीचा प्रतिसादही तुलनेने कमी आढळतो. बीआरएएफ बदलाचे प्रमाणही कमी असते. उलट काही रुग्णांत केआयटी जनुकातील बदल सापडतो व तेथे इमॅटिनिब या गोळीचा विचार होऊ शकतो. म्हणून सोलापूरच्या रुग्णासाठी पुढील महाग इंजेक्शनाआधी जनुक-तपासणीचा अहवाल पाहणे अगत्याचे ठरते.

याच इमॅटिनिबच्या संदर्भात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग निर्वेध राहिला. दूरच्या न्यायालयातील निकाल एखाद्या कुटुंबासमोरील पर्यायांची यादी कशी बदलतो, याचे हे उदाहरण होय.

अंतराचा प्रश्नही येथे नव्या रूपात परत येतो. इम्युनोथेरपीत आतडे, यकृत, फुप्फुसे, थायरॉइड अशा अवयवांवर प्रतिकारशक्तीच उलटू शकते. इंजेक्शन मुंबईत होते; जुलाब मात्र आठवड्याभराने माढ्यात किंवा अक्कलकोटात सुरू होतात. ते साधे जुलाब समजून उपचार झाल्यास आणि वेळीच स्टेरॉइड न दिल्यास जिवावर बेतू शकते. सबब, औषध कोणते याइतकेच गावाजवळ लक्ष ठेवणारा डॉक्टर कोण, हा प्रश्न निर्णयाचा भाग ठरतो.

४. खर्च
२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत सोलापूर होते. कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणारी ही योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि २०२३ च्या निर्णयानुसार ही मर्यादा पाच लाख रुपये करण्यात आली. शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी यांसाठी कर्ज काढण्याची वेळ या योजनेने अनेकांवरून टाळली. परंतु दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, कित्येकदा वर्षाहून अधिक काळ चालणाऱ्या इम्युनोथेरपीच्या पूर्ण मात्रांपुढे अशी वार्षिक मर्यादा अपुरी पडते.

यावर टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी वेगळा मार्ग चाचपला. तोंड, घसा व मानेच्या प्रगत कर्करोगात निव्होलुमॅबची नेहमीच्या सुमारे सहा टक्के मात्रा तोंडावाटे घ्यावयाच्या स्वस्त औषधांसोबत देण्यात आली. १५१ रुग्णांच्या या चाचणीत एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तंबाखूजन्य कर्करोगाचा भार वाहणाऱ्या भागासाठी हा निष्कर्ष आशादायक आहे. तथापि तो मेलेनोमावरील नाही. एका रोगातील पुरावा दुसऱ्या रोगास लावताना ती मर्यादा कुटुंबास स्पष्ट सांगितली जाणे आवश्यक आहे. शेत विकून पूर्ण मात्रा घेणे आणि कमी मात्रेवर विसंबणे, या दोहोंतील निवड त्या माहितीवरच अवलंबून असते.

५. संमती
१६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीच्या आईची संमती घेऊन तिच्यावर मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली होती. तातडीचा जीवघेणा प्रसंग नसताना नातेवाइकाची अशी संमती ग्राह्य नाही आणि उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके रुग्णालाच सांगितले पाहिजेत, असे न्यायालयाने ठरवले. मागणी केल्यास ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे देण्याचे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत आहे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेताना त्याचा उपयोग होतो. ९ मार्च २०१८ च्या निर्णयाने प्रत्येक सज्ञान व्यक्तीस अखेरच्या काळातील उपचारांविषयी आगाऊ इच्छा लिहून ठेवता येऊ लागली. २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ झाली.

कौटुंबिक व्यवहार मात्र वेगळा दिसतो. “आबांना काही सांगू नका, ते खचतील,” अशी विनंती डॉक्टरांना दाराबाहेर केली जाते. मुलगा, जावई, पुतण्या चर्चा करतात आणि रुग्णाला केवळ ‘गाठीचे इंजेक्शन’ असल्याचे सांगण्यात येते. यामागे मायाच असते, हे नाकारता येत नाही. केमोथेरपीच्या काळात, जेव्हा पर्याय एकच होता, तेव्हा या प्रघाताची हानी कदाचित मर्यादित होती. आता अधिक आयुष्याची शक्यता एका बाजूला आणि तीव्र दुष्परिणाम, कर्ज व रुग्णालयातील दिवस दुसऱ्या बाजूला असताना, काय पत्करावे हे रुग्णाखेरीज दुसरा कोणी सांगू शकत नाही. वेदनाशमनावर भर देऊन घरी राहणे हाही एक पर्याय आहे. मुंबईत १९८६ साली सुरू झालेल्या शांती आवेदना सदनाने त्या मार्गाला संस्थात्मक रूप दिले. असा मार्ग निवडणे म्हणजे रुग्णाला सोडून देणे नव्हे. परंतु रुग्णाला रोगाचे नावच ठाऊक नसेल, तर तो मार्ग त्याच्यासमोर येतच नाही.

निष्कर्ष :
१) प्रगत मेलेनोमात ‘पुढील उपचार कोणता’ हा प्रश्न प्रामुख्याने २०११ नंतरचा आहे. त्यापूर्वी निवडीचा अभाव हेच उत्तर होते.
२) बार्शीच्या नोंदणीने अंतराचा प्रश्न लोकांपर्यंत जाऊन सोडवता येतो हे दाखवले. तळपाय व नखाखालील काळ्या डागांच्या बाबतीत तसे लोकशिक्षण होणे आवश्यक आहे.
३) परदेशी चाचण्यांचे आकडे भारतीय रुग्णास जसेच्या तसे लागू होत नाहीत. जनुक-तपासणी, रोग खरोखर वाढल्याची खातरजमा आणि गावाजवळील देखरेख यांची निश्चिती पुढील इंजेक्शनाआधी व्हावयास हवी.
४) शासकीय योजनेने खर्चाचा प्रश्न सौम्य केला, परंतु इम्युनोथेरपीच्या बाबतीत तो सुटलेला नाही.
५) कायद्याने निर्णयाचा अधिकार रुग्णाला दिला असला तरी घरात तो नातेवाइकांकडेच राहिला आहे. आजारी माणसासाठी पुढील उपचार निवडण्यापूर्वी त्याला किती माहीत आहे आणि त्याला काय हवे आहे, हे त्यालाच विचारणे, ही कुटुंबाची पहिली जबाबदारी ठरते. त्यासाठी मुंबईचा प्रवास किंवा शासकीय मंजुरी लागत नाही.