जुनी एकबारी बंदूक आणि तिची दुर्बीण

वडोदऱ्याचे नाव निघाले की तोफांची आठवण निघतेच. महाराज खंडेराव गायकवाड (कारकीर्द १८५६ ते १८७०) यांनी चांदीच्या तोफा करविल्या आणि त्यांचे बंधू मल्हारराव यांनी त्यांवर ताण करण्यासाठी सोन्याच्या. त्या वैभवाच्या वस्तू होत्या, आणि वैभवाच्या वस्तूंना रखवालदार मिळतोच. जुन्या घराण्यांच्या कपाटात, तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या साध्या एकबारी बंदुकीचे तसे नाही. तिचा इतिहास तोफेहून अधिक बोलका आहे. परंतु तो ऐकणारा कोणी नसतो, आणि तिच्या रक्षणाच्या बाबतीत आपला कायदाही काहीशा चमत्कारिक वळणावर उभा आहे. त्याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

एकबारी बंदूक म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी. बार झाला की खटका खाली ओढावयाचा, रिकामे काडतूस बाहेर पडावयाचे आणि नवे हाताने भरावयाचे. इंग्रज फौजेने १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना होय. स्कॉटलंडच्या जॉन फार्कर्सनने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली रचना शिकाऱ्यांच्या आवडीची झाली; अमेरिकेत शार्प्स, रेमिंग्टन आणि १८८५ ची विंचेस्टर या बंदुका नावाजल्या. पहिल्याच गोळीत नेम साधला पाहिजे, दुसरी संधी नाही, या अटीमुळे हे हत्यार अचूकतेचे हत्यार ठरले. ज्याला एकच बार मिळतो तो नेमाची काळजी अधिक घेतो, ही साधी मानवी गोष्ट तिच्या घडणीमागे आहे.

आपल्या देशात ही बंदूक दीर्घकाळ टिकली, त्याला एक राजकीय कारणही आहे. १८५७ च्या उठावानंतर देशी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार ठेवावयाचे, असे इंग्रजांचे धोरण होते. गोऱ्या शिपायास मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी शिपायाकडे स्नायडर होती. गोऱ्याकडे गोळ्यांची पेटी बसविलेली ली-मेटफर्ड आली तेव्हा देशी शिपायास मार्टिनी मिळाली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या राजवटीत झालेल्या हत्यारांच्या कायद्याने ब्रिटिश मुलुखातील हिंदी माणसास परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले आणि युरोपियनांस त्यातून सूट दिली. तेव्हा जुनी बंदूक पाहताना तिच्या पोलादाबरोबर हा अविश्वासही पाहावा लागतो.

आता दुर्बिणीकडे वळू. साध्या बंदुकीचा नेम धरताना डोळ्याला तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात: मागची खाच, नळीच्या टोकावरील माशी आणि लक्ष्य. या तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर असल्याने डोळा तिन्ही एकदम स्पष्ट पाहू शकत नाही. चाळिशी उलटल्यावर तर मागची खाच पार धूसर होते. दुर्बीण ही अडचण दूर करते. तिच्या आत कोळ्याच्या तंतूची किंवा बारीक तारेची फुली बसविलेली असते, आणि ती फुली व लक्ष्य एकाच प्रतलात दिसतात. द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली तेव्हा अर्जुनाला झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही, केवळ पक्ष्याचा डोळा दिसला, ही कथा आपण सारे जाणतो. अर्जुनाने मनाच्या एकाग्रतेने जे साधले, ते भिंगकाराने काचेच्या साहाय्याने साधण्याचा प्रयत्न केला असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रयत्नाचा एक धागा आपल्या मुंबई इलाख्याशी जुळतो, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सेनेतील डेव्हिड डेव्हिडसन या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात हिंदुस्थानात असतानाच बंदुकीवर दुर्बीण बसवून पाहिली. मायदेशी परतल्यावर त्याने ती कल्पना पुढे नेली. त्याची दुर्बीण नळीच्या माथ्यावर न बसता डाव्या अंगाला बसे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) दक्षिणेकडील निवडक नेमबाजांच्या व्हिटवर्थ बंदुकांवर हीच दुर्बीण होती. उत्तरेकडे न्यूयॉर्क राज्यातील विल्यम माल्कम १८५५ पासून नळीच्या लांबीच्या बारीक दुर्बिणी करीत होता. रानातील शिकारीसाठी सुचलेली युक्ती तीस वर्षांच्या आत माणसांच्या शिकारीस लागली, हा इतिहासाचा कटू भाग लपविण्यात अर्थ नाही.

जुन्या बंदुकीवर तिच्याच काळातील दुर्बीण बसविणे ही आज जगभरच्या संग्राहकांची एक कला झाली आहे, आणि तिचे स्वतःचे नीतिशास्त्र आहे. पहिला नियम असा की नळीला नवे भोक पाडावयाचे नाही. मूळ खाच व माशी ज्या तिरक्या खोबणीत सरकवून बसविलेल्या असतात, त्याच खोबणीत दुर्बिणीचे आधार बसवावयाचे, म्हणजे उद्या काढून घेतले तर बंदूक होती तशी उरते. दुसरा नियम, दुर्बीण घट्ट आवळावयाची नाही. जुन्या नेमबाजी दुर्बिणींपैकी पुष्कळ आपल्या आधारांत पुढेमागे सरकतात. बार होताच बंदूक मागे येते, दुर्बीण जागच्या जागी राहू पाहते, आणि नेमबाज ती हाताने पुन्हा मागे ओढून घेतो. ती आवळली तर धक्क्याने भिंगे ढिली होतात. उंची आणि डावे-उजवे यांची जुळणी आतील फुली हलवून न करता मागच्या आधाराचे बारीक आट्यांचे स्क्रू फिरवून करतात. तिसरा नियम भिंगांचा. पूर्वी जोडभिंगे कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या राळेने चिकटवीत. ती राळ कालांतराने पिवळी पडते, कडेने सुटते, आणि भिंगात इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसू लागतात. अशा वेळी जाणकाराकडे न जाता घरीच भिंग उघडणे म्हणजे जुने पोथीचे पान ओल्या फडक्याने पुसण्यासारखे आहे.

येथपर्यंत कारागिरीची गोष्ट झाली. पुढे कायद्याची येते. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. त्याच्या ४५ व्या कलमातील एका पोटकलमाने जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांस अधिनियमातून वगळले आहे. परंतु अट अशी की ते शस्त्र दुरुस्त करून किंवा न करता, कोणत्याही रीतीने, अग्निशस्त्र म्हणून वापरता येऊ नये. या शेवटच्या शब्दांत सारी मेख आहे. ज्याने आजोबांची मार्टिनी गंजू दिली, तिची नळी बुजवून टाकली, तो मुक्त. ज्याने तिला तेल दिले, मोडलेली कमान बदलली, तिच्या काळची दुर्बीण शोधून योग्य रीतीने बसविली, त्याला ही सूट नाही. ऐतिहासिक शस्त्रांसाठी नियमांत वेगळा वर्ग आहे हे खरे. परंतु अशी शस्त्रे वापरण्यास किंवा वाहून नेण्यास परवाना लागतोच.

शिवाय संख्येचे बंधन आहे. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन अग्निशस्त्रांची मर्यादा घातली; २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली आणि वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही ती लागू केली. अधिकचे शस्त्र एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे तीत सांगितले होते. ज्या घरी एक रक्षणाची बंदूक, एक पणजोबांची मार्टिनी आणि एक शिकारीची दुनळी होती, त्या घरास तिघींतून दोघी निवडाव्या लागल्या. जमा झालेली कोणती, हे सांगावयास नको.

कायद्यामागील हेतू गैर आहे असे मी म्हणत नाही. बंदूक जुनी झाली म्हणून तिची गोळी मऊ होत नाही. समाजाच्या सुरक्षिततेपुढे संग्राहकाची हौस गौण आहे, हे कायद्याच्या अभ्यासकाने तरी मान्य केलेच पाहिजे. परंतु सुरक्षित करणे आणि नष्ट करणे यांत एक तिसरा मार्ग आहे, आणि तो आपल्या परंपरेला अपरिचित नाही. अज्ञातवासास निघताना पांडवांनी आपली शस्त्रे विराटनगरीबाहेरच्या शमीवृक्षावर ठेवली. ती मोडून ठेवली नाहीत. धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या, शस्त्रांची मोट बांधली आणि कोणी जवळ जाऊ नये अशी व्यवस्था केली. वेळ आली तेव्हा अर्जुनास गांडीव अखंड मिळाले. प्रत्यंचा उतरविलेले धनुष्य निरुपद्रवी असते, तरी ते धनुष्यच असते. बंदुकीच्या बाबतीतही हेच शक्य आहे: बार करणारा ठोकळा वेगळा काढून परवाना अधिकाऱ्याच्या नोंदीने वस्तुसंग्रहालयाकडे किंवा सरकारी ताब्यात राहावा, आणि उरलेली वस्तू, दुर्बिणीसह, घराण्याकडे. अशी तरतूद स्पष्ट शब्दांत झाली तर जपणाऱ्यास शिक्षा आणि बिघडविणाऱ्यास सवलत ही विपरीत स्थिती संपेल.

शिकारीचा प्रश्न आता उरलेला नाही. खंडेरावांनी मकरपुऱ्यास शिकारीसाठी वाडा बांधला. त्याच राजघराण्यातील फत्तेसिंहराव गायकवाड १९६९ मध्ये स्थापन झालेल्या वन्यजीवनिधीच्या भारतीय शाखेचे पहिले अध्यक्ष झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीचा काळ संपविला. त्याच वर्षीच्या पुरावस्तू अधिनियमाने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी रीतीने परदेशी नेण्यास बंदी केली. म्हणजे या बंदुका आता मारावयाच्या नाहीत आणि विकून बाहेर पाठवावयाच्याही नाहीत. त्या आपल्याच आहेत, आपणच जपावयाच्या आहेत.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ज्यांच्या घरी असे शस्त्र परवान्याने आहे त्यांनी येत्या खंडेनवमीस हळदकुंकू वाहण्यापूर्वी एक वही घ्यावी. बंदुकीवरील कारागिराचे नाव, क्रमांक व छाप, दुर्बिणीच्या नळीवरील अक्षरे, ती घरात कोणाकडून व केव्हा आली, परवाना कोणाच्या नावे आहे, हे तीत लिहावे. परवानाधारक वृद्ध असल्यास वारसाने अर्ज केव्हा व कोठे करावयाचा, हे त्यांच्या हयातीतच विचारून ठेवावे. मालक गेल्यावर परवाना आपोआप मुलाकडे जात नाही, आणि शोकाच्या दिवसांत याची आठवण कोणास राहत नाही. पुष्कळ जुनी शस्त्रे घराण्यांच्या हातून गेली ती याच एका विसराने.