वजाबाकी : प्राथमिक अध्यापन

एका संख्येतून दुसरी कमी करून बाकी काढायला पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवणे (पहा : बेरीज).

जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात दानाचे आकडे कोरलेले आहेत. त्यांत शून्य वा स्थानिक किंमत नाही (पहा : नाणेघाट). हातच्याची वजाबाकी मात्र स्थानिक किमतीवरच उभी असते.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील हिरड्याच्या मुलखात काड्या, चिंचोके, सुके हिरडे मोजायला सहज मिळतात. ३२ − १७ करताना दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडायचा : सुट्या १२ होतात, ७ गेल्या की ५ उरतात, उरलेल्या दोन गठ्ठ्यांतला एक काढला की उत्तर १५. गठ्ठा न सोडता मुले ७ मधून २ काढतात आणि २५ लिहितात. म्हणून ही पायरी गाळणे चूकच.

बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये ३२ चे, तीन गठ्ठे व दोन सुट्या यांच्याशी जुळणारे, ‘तीस दोन’ असे वाचनही आले (पहा : दशमान पद्धती).