लेकरांच्या तोंडून शाळा

आमच्या अहेरीकडे शाळा बोलते मराठी आणि अनेक घरांतली चूल बोलते गोंडी, माडिया, नाहीतर तेलुगू. तेव्हा शाळेतला धडा घरी पोचवायचा कोणी? गुरुजींना ते नेहमीच साधते असे नाही. मुलालाच तो आपल्या बोलीत नव्याने सांगावा लागतो. लेकराने बापाला शिकवावे, हे काही वडीलधाऱ्यांना रुचणार नाही. पण ही रीत आजची नव्हे.

पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली 14 वर्षांची मुक्ता. 1855 साली तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. तो परीक्षकांपुरता नव्हता. आपल्याच मांग-महार वडीलधाऱ्यांना तिने त्यात शिकण्याची हाक घातली.

भामरागडच्या वाटेवर हेमलकशाला 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. आधी दवाखाना, मग 1976 साली शाळा. रानाची खडान्‌खडा ओळख असलेल्या बापाला बाजारातला काटा वाचता येत नसे. पोराला तो येऊ लागला, आणि काट्यापाशी बाप पोराच्या तोंडाकडे पाहू लागला.

म्हणून आम्ही सुचवितो, पालकसभेत गुरुजींनी थोडे मागे बसावे. पोराने उभे राहावे, घरच्या बोलीत सांगावे. आईने अडवून विचारले, तर उत्तरही त्यानेच द्यावे.