रुळांमागून जाणारी मार्गदर्शिका

प्रवासाची मार्गदर्शिका म्हणजे कोणतें गांव पाहण्याजोगें, याचा एक निवाडाच होय. बोरीबंदर-ठाणें आगगाडी १८५३ सालीं सुरू झाली. ईस्टविकसाहेबांची मुंबई-मद्रास इलाख्यांची मार्गदर्शिका लंडनच्या मरे प्रकाशनानें १८५९ सालीं काढली, तेव्हां बोरघाटांतील लोहमार्ग पुरा व्हावयाचा होता. तो १८६३ सालीं झाला. त्यानंतर अशीं पुस्तकें उत्तरोत्तर रुळांमागून चालूं लागलीं.

आमच्या जिल्ह्यांतील दौंड-मनमाड मार्ग १८७८ सालीं खुला झाला. त्याचें बरेंचसें मातीकाम १८७६-७८ च्या दुष्काळांत पोटासाठीं राबणाऱ्या मजुरांनीं केलें. तो अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर), राहुरी, कोपरगांव असा गेला. पुणें-नाशिक हमरस्त्यावरचें संगमनेर बाजूस राहिलें. शाहीर अनंत फंदींचें (१७४४-१८१९) हें गांव. जवळच पेमगिरी, जेथें शहाजीराजांनीं निजामशाहीचा बालराजा गादीवर बसविला. डब्याच्या खिडकींतून यांतलें कांहींच दिसत नाहीं. संगमनेरास आजही स्टेशन नाहीं.

म्हणून जुनी मार्गदर्शिका चाळतांना रूळ कोठून गेले, तेंही पाहावें. पुस्तकांत जें गांव नाहीं, तें इतिहासांतही नव्हतें, असें मुळींच नव्हे.